मसाल्याची स्ट्राँग एल: आधी एल चाखा, मग मसाला

धने, संत्र्याची साल, आले किंवा लवंग घालून केलेली स्ट्राँग एल पहिल्यांदा हाती आली की वाचकांना पडणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. ही बिअर इतकी गोडसर का? यात लवंग आहे असे वाटते, पण बाटलीवर तसे का लिहिलेले नाही? फ्रीजमध्ये दिवसभर ठेवूनही चव लागत नाही, मग पैसे वाया गेले का? तळाशी गाळ दिसतो, म्हणजे बाटली खराब आहे का? आणि एवढ्याशा बाटलीने डोके जड कसे झाले? परदेशात राहणारे, परदेशातून बाटली आणणारे आणि मुंबई-पुण्याच्या ब्रुअरीत असा ग्लास मागवणारे, सगळे हेच विचारतात. या गोंधळाचे मूळ एकच आहे. आपण या एलला आपल्या ओळखीच्या दोन मापांनी मोजतो. एक माप आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरचे आणि दुसरे घरच्या मसाल्याच्या डब्याचे. दोन्ही मापे इथे चुकतात, आणि दुसरे माप पहिल्यापेक्षा जास्त फसवते.

आपली स्ट्राँग बिअर आणि ही एल

भारतात बाटलीवर ‘स्ट्राँग’ लिहिलेले असते तेव्हा आत 5 ते 8 टक्के अल्कोहोल असते, आणि ती जवळजवळ नेहमीच लागर असते. लागरचे यीस्ट थंडाव्यात सावकाश काम करते आणि स्वतःचा वास फारसा मागे ठेवत नाही. शिवाय अशा अनेक बिअरमध्ये माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरतात, त्यामुळे अंग हलके राहते. अशी बिअर बर्फगार पिण्यात काही चुकत नाही, कारण थंडीने लपण्यासारखे तिच्यात फारसे काही नसते. एलचे यीस्ट मात्र तुलनेने उबदार तापमानाला आंबवते आणि आंबवताना फळांची आठवण देणारी सुगंधी द्रव्ये तयार करते. स्ट्राँग एलमध्ये माल्ट भरपूर असल्याने यीस्टला साखर भरपूर मिळते. त्यातून अल्कोहोल वाढते आणि न आंबलेला थोडा गोडवाही उरतो. गोडी, उष्णता, फळांचा वास आणि हॉप्सचा कडवटपणा हे एलचे मूळ शरीर. मसाला त्यावर नंतर येतो.

म्हणून चाखताना ‘कोणता मसाला आहे?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘मसाला काढून घेतला तर मागे चांगली एल उरेल का?’ हा पहिला प्रश्न असावा. या लेखातले पुढचे सगळे सल्ले त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहेत.

मसाला घालणे ही भेसळ आहे का?

हा आक्षेप वारंवार घेतला जातो आणि त्याला आधार म्हणून बव्हेरियाचा 1516 चा शुद्धतेचा नियम सांगितला जातो. त्या नियमाने बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच जिन्नस मान्य केले, हे खरे. पण तो नियम बव्हेरियाचा होता, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून उत्तर युरोपात बिअरला चव देण्याचे काम झुडपांची पाने आणि रानातल्या वनस्पती करत होत्या. दलदलीत वाढणारी बॉग मर्टल, यॅरो यांसारख्या वनस्पतींच्या त्या मिश्रणाला ग्रुट म्हणत. आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या भागात ग्रुट विकण्याचा हक्क ही मोठ्या कमाईची बाब होती. ब्रूज शहरातला ग्रुटहूस हा आज संग्रहालय असलेला वाडा ज्या घराण्याचा, त्याची श्रीमंती याच हक्कातून आली. हॉप्सने पुढे बाजी मारली, कारण हॉप्समुळे बिअर जास्त टिकते. म्हणजे मसाल्याची एल हा बिअरमध्ये नंतर शिरलेला प्रकार नाही, हॉप्सच्या राज्यातून वाचलेला जुना प्रकार आहे. बेल्जियममध्ये तो सर्वात ठळकपणे टिकला. मात्र परंपरा जुनी आहे म्हणून प्रत्येक बाटली चांगली ठरत नाही. फसलेली एल मसाल्याखाली दडवणे आजही शक्य आहे, आणि ते ओळखता यावे म्हणून तर नीट चाखायचे.

घेण्याआधी: टक्के आणि मिलिलिटर

लेबलवरचे दोन आकडे आधी वाचा. 330 मिलिच्या बाटलीत 8 टक्के अल्कोहोल असेल तर शुद्ध अल्कोहोल सुमारे 26 मिली भरते. भारतातल्या व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असते, म्हणजे 30 मिलिच्या एका लहान पेगमध्ये सुमारे 13 मिली. हिशेब सरळ आहे: ती लहानशी बाटली दोन लहान पेगइतकी आहे. याच ताकदीची 650 मिलिची बाटली चार पेगइतकी होते. 10 टक्क्यांची ख्रिसमस एल घेतली तर 330 मिलीमध्येच अडीच पेग. ‘बिअरच तर आहे’ या समजुतीने भराभर प्यायलेली बाटली जड का होते, ते यावरून कळेल. गोडवा आणि मसाल्यामुळे अल्कोहोलची धार जिभेला कमी जाणवते, त्यामुळे अंदाज आणखी चुकतो.

मसाल्यांची नावे लेबलवर मिळतीलच असे नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघात 1.2 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या बिअरला सगळे घटक छापण्याची सक्ती नाही. जवासारख्या ॲलर्जी देणाऱ्या घटकांची नोंद मात्र करावीच लागते. ग्लुटेन चालत नसेल तर जवाची एल टाळा. एखाद्या मसाल्याची ॲलर्जी असेल तर विक्रेत्याला किंवा ब्रुअरीला स्पष्ट विचारा आणि स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत बाटली उघडू नका. गरोदर स्त्रियांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि अल्कोहोलशी जमत नाहीत अशी औषधे घेणाऱ्यांनी चवीपुरतीही घेऊ नये. ‘औषधी वनस्पती घातल्या आहेत’ म्हणून ती प्रकृतीला बरी होत नाही, कारण अल्कोहोल तितकेच राहते.

तयारी

- बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा. अनेक बेल्जियन एलमध्ये यीस्ट बाटलीतच राहते. तो गाळ खाली बसू द्या. तो अपायकारक नसतो, पण पहिल्या चवीत नको.
- तापमान 10 ते 13 अंश सेल्सियस हवे. घरचा फ्रीज 4-5 अंशांवर असतो, म्हणून बाटली आधी बाहेर काढा. थंडीत अर्धा तास, मुंबईच्या मे महिन्यात पंधरा-वीस मिनिटे पुरतात.
- ट्युलिपच्या आकाराचा ग्लास उत्तम, नाहीतर वाइनचा ग्लास घ्या. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही.
- एका वेळी 100 मिलीच ओता आणि ग्लासचा वरचा भाग वासासाठी मोकळा ठेवा.

‘कोमट बिअर कोण पिणार?’ हा तापमानाबद्दलचा हमखास आक्षेप. 12 अंश म्हणजे कोमट नव्हे, आपल्या हवेत ते हाताला चांगलेच गार लागते. बर्फगार द्रवातून सुगंधी द्रव्ये उडत नाहीत, गोडी दबते आणि कडवटपणा पुढे येतो. धने आणि संत्र्याची साल यांचे सगळे काम वासाचे असते. ते थंडीत गोठवायचे आणि मग चव लागत नाही म्हणायचे, हा एलवर अन्याय आहे. उलट 20 अंशांच्या पुढे अल्कोहोलची वाफ नाकात चढते आणि बाकी सगळे झाकते. म्हणून थोडी थंड असतानाच सुरुवात करा आणि ग्लास हातात हळूहळू तापू द्या.

चाखण्याचा क्रम

ओतल्याबरोबर वास घ्या, कारण सर्वात हलके सुगंध पहिल्या मिनिटातच निघून जातात. मग ग्लास सावकाश फिरवा, ग्लासच्या तोंडावर तळहात ठेवून क्षणभर थांबा आणि पुन्हा हुंगा. या वेळी मसाल्याचे नाव घेण्याचा मोह आवरा. आधी माल्ट शोधा. ब्रेडची कड, भाजलेली साखर, सुके अंजीर, मनुका यांच्यापैकी काही आठवते का? मग फळे आणि हॉप्स. मसाला सर्वात शेवटी.

पहिला घोट फक्त जीभ तयार करण्यासाठी घ्या, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट तोंडभर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. गिळल्यानंतर घशाकडून नाकाकडे जाणाऱ्या हवेतच अर्धी चव असते. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे परीक्षक मात्र सहसा गिळतात, कारण कडवटपणा आणि मागे रेंगाळणारी चव त्याशिवाय नीट कळत नाही. घोट लहान ठेवायचा तो यासाठी. आता तीन गोष्टी क्रमाने तपासा: गोडी आणि कडवटपणा एकमेकांना सावरतात का, अल्कोहोलची ऊब घशात बोचते की पसरते, आणि सगळे ओसरल्यावर मागे काय राहते. मागे फक्त मसाला राहिला तर तोल गेला आहे. माल्ट आणि मसाला एकत्र ओसरले तर एल जमली आहे.

त्यानंतर ग्लास पंधरा मिनिटे बाजूला ठेवा आणि तोच क्रम पुन्हा करा. ही पायरी वाचक सर्वाधिक गाळतात, आणि तीच सर्वात जास्त शिकवते. एल तापली की माल्ट उघडतो. चांगल्या एलमध्ये या वेळी मसाला मागे सरून मिसळतो, वाईट एलमध्ये तो एकटाच आणखी मोठ्याने बोलायला लागतो.

मसाला ओळखताना आपण कुठे फसतो

मराठी घरात वाढलेले नाक मसाल्याला तयार असते. गोड्या मसाल्यातले दगडफूल वेगळे काढता येणाऱ्याला एलमधले धने कळणार नाहीत का, असे वाटणे साहजिक आहे. अडचण अशी की आपली ओळख भाजलेल्या, तेलात परतलेल्या, मिठामिरचीबरोबर आलेल्या धन्यांशी आहे. एलमध्ये धने बहुधा न भाजता, नुसते भरडून, उकळीच्या शेवटच्या काही मिनिटांत घालतात. कच्च्या धन्यात लिनालूल नावाचे सुगंधी द्रव्य भरपूर असते. त्याचा वास फुलांकडे आणि लिंबाच्या सालीकडे झुकतो. त्यामुळे आमटीतला धन्याचा वास शोधणाऱ्याला एलमध्ये धने सापडत नाहीत आणि त्यांची चव तो लिंबाच्या नावावर टाकतो. चाखण्याआधी चार कच्चे धने बोटांनी चुरडून हुंगा, हा अडथळा लगेच दूर होईल.

दुसरी फसगत यीस्टची. लवंगेसारखी चव देणारे फेनॉलच्या जातीचे एक द्रव्य काही एल-यीस्ट स्वतःच तयार करतात. जर्मनीच्या गव्हाच्या बिअरला येणारा लवंग आणि केळ्याचा वास असाच येतो, त्यात ना लवंग असते ना केळे. म्हणून ‘लवंग लागली, म्हणजे लवंग घातली आहे’ हा निष्कर्ष काढता येत नाही. खरी लवंग जास्त झाली की जीभ किंचित बधिर होते. दाढदुखीला लवंग दाताखाली धरतात ती याच गुणासाठी. एखाद्या एलच्या दोन घोटांनंतर जीभ बधिर वाटली तर मसाला प्रमाणाबाहेर गेला आहे आणि पुढच्या घोटांवरचे तुमचे मतही विश्वासाचे राहिलेले नाही.

आले आणि अल्कोहोल यांची गल्लत तिसरी. दोन्ही तोंडात ऊब आणतात. अल्कोहोलची ऊब नाकात आणि छातीकडे जाणवते व लवकर ओसरते, आल्याची जिभेच्या मागे आणि घशात टिकून राहते. दालचिनी आणि व्हॅनिला गोडीचा भास निर्माण करतात, एल प्रत्यक्षात तितकी गोड नसतानाही. ही गोडी खरी की वासाची, हे पाहायचे असेल तर घोट घेताना नाक धरा. तुरटपणाकडेही लक्ष द्या. हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या तर दालचिनीची काडी किंवा संत्र्याच्या सालीखालचा पांढरा भाग एलमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलेला असू शकतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो: मसाला इतका दबूनच राहायचा असेल, तर घालायचाच कशाला? उत्तर स्वयंपाकघरात मिळते. आमटीत कोकम किंवा चिंच असते, पण आमटी खाणारा चिंच खात नसतो. आंबटपणाने डाळीची चव उठते, एवढेच तिचे काम. धने आणि संत्र्याची साल स्ट्राँग एलच्या जड गोडीला तसाच उठाव देतात आणि पुढचा घोट घ्यावासा वाटेल इतकी ती हलकी करतात. मसाला आहे हे कळावे, पण तो काढून दाखवता येऊ नये, ही माझ्या मते यशाची खूण.

तीन बाटल्या शेजारी ठेवून पाहा

ही गोष्ट शब्दांपेक्षा तुलनेने लवकर पटते. शक्य असेल तर तिघा-चौघांत मिळून तीन बाटल्या उघडा आणि प्रत्येकाने प्रत्येकीतले थोडेथोडेच घ्या. पहिली बाटली स्कॉटलंडच्या ट्रॅक्वेअर हाउसची जॅकोबाइट एल. या जुन्या वाड्यातली बंद पडलेली ब्रुअरी 1965 मध्ये पुन्हा सुरू झाली. 1745 च्या जॅकोबाइट उठावाला 250 वर्षे झाली, त्या निमित्ताने 1995 मध्ये धने घातलेली ही 8 टक्क्यांची गडद एल तिथे तयार झाली. दुसरी बाटली बेल्जियमच्या आर्देन भागातली ला शूफ, तीही 8 टक्क्यांची, तीही धन्याची, पण रंगाने सोनेरी आणि अंगाने हलकी. मसाला एक, अल्कोहोल सारखे, तरी जॅकोबाइटमध्ये धने भाजक्या माल्टच्या मागून येतात आणि ला शूफमध्ये फळांच्या वासाबरोबर पुढेच उभे असतात. फरक धन्यांचा नसून खालच्या एलचा आहे, हे एका घोटात कळते.

तिसरी बाटली वेस्टमाल मठाची ट्रिपल, 9.5 टक्क्यांची. तिच्यात मसाला अजिबात नाही, आणि तरी अनेकांना ती तिघींत सर्वात मसालेदार वाटते. ते काम यीस्टचे आणि हॉप्सचे. नेमक्या याच बाटल्या मिळाल्या नाहीत तरी चालेल. नियम एवढाच ठेवा की एक गडद मसाल्याची, एक फिकट मसाल्याची आणि एक बिनमसाल्याची एल असावी. क्रम फिकट ते गडद ठेवा, आणि मध्ये साधे पाणी व कोरा पाव घ्या.

खराब की मुरलेली?

- ओल्या पुठ्ठ्याचा वास: हवेशी संयोग झाला आहे, बाटली शिळी आहे.
- उग्र, जनावरासारखा दर्प: हॉप्सना उजेड लागला आहे. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्यांत हे जास्त घडते, म्हणून तपकिरी बाटलीला पसंती द्या.
- वितळलेल्या लोण्याचा ठळक वास: बहुतेकदा आंबवण्यातला दोष.
- मनुका किंवा शेरीसारखी चव: गडद, ताकदीच्या एलमध्ये हा दोष नाही, ती मुरल्याची खूण असू शकते.

मुरवण्याचा विचार करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. 8 टक्क्यांच्या पुढची गडद एल थंड, अंधाऱ्या जागी काही वर्षे टिकते, पण धने आणि सालीचा सुगंध त्याआधीच उतरतो. मसाल्यासाठी घेतलेली एल ताजी उघडावी. आपल्या उन्हाळ्यात माळ्यावर किंवा स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवलेली बाटली मुरत नाही, ती फक्त बिघडते.

सोबत काय खावे

चाखताना तिखट चकणा दूर ठेवा. अल्कोहोलमुळे मिरचीचा जाळ वाढतो, आणि लिंबू पिळलेल्या मसाला शेंगदाण्यांपुढे कोणतीच एल टिकत नाही. चाखून झाल्यावर खारे बदाम, मुरवलेले चीज, फळांचा केक किंवा गुळाची चिक्की घ्या. गूळ आणि गडद माल्ट यांचे चांगले जमते.

तुमचे हक्क आणि कायद्याच्या मर्यादा

दुकानात बंद बाटलीसाठी छापील कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत. बसून पिण्याची सेवा देणाऱ्या हॉटेलला मात्र तेवढ्या किमतीत विकण्याचे बंधन नाही, म्हणून तिथे मेनूकार्डवरचा दर आधी पाहा. बाटली तुमच्यासमोर उघडली जावी असा आग्रह धरा. पहिल्या घोटातच दोष जाणवला तर तेव्हाच सांगा, अर्धी बाटली संपवून केलेली तक्रार कोणी ऐकत नाही. बिल जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

परदेशातून येताना प्रत्येक प्रवाशाला एकूण 2 लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते, आणि त्यात बिअरही मोजली जाते. 330 मिलिच्या सहा बाटल्यांतच ती मर्यादा भरते. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो. गोव्यात वयाची अट 18 वर्षांची आहे.

गाडीच्या बाबतीत चवीपुरते घेतले ही सबब चालत नाही. भारतात 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. स्कॉटलंडमध्ये ही मर्यादा 50 आणि इंग्लंडमध्ये 80 मिलिग्रॅम आहे, म्हणून तिकडच्या सवयीचा अंदाज इथे लावू नका. तीन एल चाखायचा बेत असेल तर परतीची गाडी आधी ठरवा, बाटल्या नंतर निवडा.